लग्नाच्या रकमेची वेठ

सुमंगली म्हणजे सवाष्ण. तमिळ घरांत या शब्दाला मराठीइतकाच हळदीकुंकवाचा वास आहे. नवरा हयात असलेली, शुभकार्याला आधी बोलवावी अशी बाई, असा त्याचा अर्थ. १९९० च्या आसपास तामिळनाडूतल्या सूतगिरण्यांनी हा शब्द मजूरभरतीच्या एका पद्धतीला चिकटवला. गरीब घरातल्या पंधरा-सोळा वर्षांच्या, कित्येकदा त्याहूनही लहान मुलीने तीन वर्षे गिरणीच्या वसतिगृहात राहून काम करायचे. या काळात तिला जुजबी मजुरी मिळायची, त्यातूनच जेवणाखाणाचे पैसे कापले जायचे. तीन वर्षे पुरी झाली की तीस ते पन्नास-साठ हजार रुपये एकरकमी हातात पडायचे आणि त्या पैशांत तिचे लग्न उरकायचे. ही 'सुमंगली तिट्टम', अर्थात सुमंगली योजना. १९६१ च्या कायद्याने हुंडा देणेघेणे गुन्हा ठरवले आहे. म्हणूनच की काय, योजनेच्या नावात हुंड्याचा उल्लेख कुठे नव्हता. तिच्या भावंडांची नावेही अशीच होती. कुठे 'मांगल्य', कुठे 'तिरुमण', म्हणजे विवाह. एक नाव मात्र सरळ होते : 'कॅम्प कुली'. गिरणीच्या आवारातच राहणारी मजूर, एवढाच त्याचा अर्थ.

आंतरराष्ट्रीय श्रम संघटना आणि तिच्या सहयोगी संस्थांनी २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अंदाजानुसार जगात सुमारे ५ कोटी माणसे आधुनिक गुलामगिरीत आहेत. त्यांपैकी २ कोटी ७६ लाख सक्तीच्या मजुरीत आहेत आणि २ कोटी २० लाख सक्तीच्या विवाहात. या अंदाजात मजुरी आणि विवाह असे दोन वेगळे रकाने आहेत. सुमंगली योजनेत मुलीच्या लग्नाची चिंता हीच मजुरीची सक्ती झाली, त्यामुळे ते दोन रकाने एकाच मुलीच्या आयुष्यात शेजारी येऊन बसले.

फॅशन उद्योगातले शोषण म्हटले की डोळ्यांसमोर शिलाई मशीनच्या रांगा येतात, किंवा २४ एप्रिल २०१३ रोजी ढाक्याजवळ कोसळलेली राणा प्लाझा इमारत आणि त्यात गेलेले अकराशेहून अधिक जीव. पण शिलाई हा कपड्याच्या प्रवासातला जवळजवळ शेवटचा टप्पा. यवतमाळ किंवा अकोल्याच्या शेतात वेचलेला कापूस आधी जिनिंगमध्ये जातो. तिथे सरकी वेगळी होऊन रुईच्या गाठी बांधल्या जातात. भारताच्या सूतकताईची जवळपास निम्मी क्षमता तामिळनाडूत आहे, पण त्या राज्याचा स्वतःचा कापूस गिरण्यांच्या गरजेपुढे नगण्य. म्हणून महाराष्ट्र, गुजरात, तेलंगणातल्या गाठी ट्रकने कोइमतूर, दिंडीगुल, इरोड, तिरुप्पूरच्या बाजूला निघतात. तिथे त्यांचे सूत होते, तिरुप्पूरला सुताचे होजिअरी कापड विणले जाते, रंगते, शिवले जाते आणि युरोप-अमेरिकेच्या दुकानांत टी-शर्ट म्हणून टांगले जाते. गळ्याजवळच्या पट्टीवर 'मेड इन इंडिया' असते. सूत कुणी काढले हे सांगायला त्या पट्टीवर जागा नसते, आणि विचारणारेही फार नव्हते.

तामिळनाडूत लहानमोठ्या मिळून सुमारे १६०० सूतगिरण्या आणि त्यांत चार लाखांच्या आसपास कामगार आहेत. बहुसंख्य कामगार तरुण स्त्रिया. गाठ फोडल्यापासून कोनावर सूत गुंडाळेपर्यंत कामाचे बरेच टप्पे येतात. आधी रुई पिंजून साफ होते, तिचा पेळू होतो, पेळू ताणत ताणत बारीक केला जातो आणि शेवटी रिंग फ्रेमवर त्याला पीळ बसून सूत तयार होते. मुलींची मोठी फौज लागते ती या शेवटच्या यंत्रांवर. एका रिंग फ्रेमवर हजाराहून अधिक चात्या असतात आणि प्रत्येक चाती मिनिटाला पंधरा हजारांपेक्षा जास्त गरके घेते. कुठल्या ना कुठल्या चातीवर धागा सतत तुटत असतो. मुलगी यंत्राच्या दोन्ही बाजूंनी चालत राहते, तुटलेली जागा हेरते, एका हाताने चाती थोपवते, दुसऱ्या हाताने सुताचे टोक शोधून चिमटीत धरते आणि वरून येणाऱ्या पेळूला क्षणात जोडून देते. जोडणी दिसत नाही, जाणवतही नाही. ती पुढे सरकते. कांड्या भरल्या की सगळ्या उतरवून रिकाम्या चढवायच्या, तेही यंत्र कमीत कमी वेळ थांबेल अशा झपाट्याने. बसायला जागा नाही, कारण बसून हे काम होतच नाही. सूत तुटू नये म्हणून खात्यातली हवा मुद्दाम दमट ठेवलेली असते. त्या उकाड्यात तोंडावरचा मास्क टिकत नाही. आवाज इतका की शेजारणीशी खुणांनी बोलावे लागते.

हे काम हाताला बसायला काही आठवडे लागतात, फार तर काही महिने. योजनेतली मुलगी मात्र तिन्ही वर्षे 'शिकाऊ' असे. या एका शब्दात मालकांचा सगळा हिशेब होता. तामिळनाडूच्या १९८१ च्या कायद्याप्रमाणे २४ महिन्यांत ४८० दिवस काम केलेल्या कामगाराला कायम करावे लागते. शिकाऊ ठरवले की हा कायदा दारातच थांबतो. ग्रॅच्युइटीला पाच वर्षांची नोकरी लागे आणि योजना तीन वर्षांत संपे. किमान वेतनाचा प्रश्न काढला की, ती तर अजून शिकतेय, हे उत्तर तयार. दीडशे-दोनशे दिवसांत जिचा हात जुन्या कामगाराइतका चालतो, ती हजाराव्या दिवशीही कागदोपत्री शिकतच असे.

आता त्या एकरकमी पैशांकडे पाहू. समजा ठरलेली रक्कम ४०,००० रुपये आहे. तीन वर्षांचे दिवस १०९५. दिवसाला साडेछत्तीस रुपये पडतात. म्हणजे रोजच्या मजुरीतून साडेछत्तीस रुपये मागे ठेवले की तीन वर्षांनी हे बक्षीस तयार, वरून व्याजही गिरणीच्या पदरात. या योजनांतली रोजची मजुरी किमान वेतनाच्या कितीतरी खाली होती. त्यामुळे शेवटी मिळणारा पैसा मुलीच्याच घामाचा होता, थकवलेला आणि उशिरा दिलेला. कित्येक ठिकाणी तर तिच्याच भविष्य निर्वाह निधीचे पैसे त्या रकमेत धरलेले असत. तरी बोलण्यात ते गिरणीने 'दिलेले' पैसे राहिले, आणि आईबापही बरेचदा तसेच समजत.

महाराष्ट्रातल्या वाचकाला वेठबिगारीचे माहीत असलेले रूप म्हणजे उचल. ऊसतोडीला निघालेले जोडपे मुकादमाकडून हंगामाआधी उचल घेते आणि ती फिटेपर्यंत कोयता खाली ठेवू शकत नाही. पैसे आधी, काम नंतर. सुमंगलीने हा क्रम उलटा केला. इथे काम आधी आणि पैसे नंतर. कर्ज कुणाच्या अंगावर असेल तर ते गिरणीच्या, मुलीच्या नव्हे. पण अडकलेली मुलगीच. अडीच वर्षे काढल्यावर आजारी पडून घरी गेली, तर मागची सगळी रक्कम बुडण्याची भीती. रागाने निघून गेली, तरी तेच. पस्तिसाव्या महिन्यात काढून टाकले म्हणून हात हलवत परतलेल्या मुलींच्या तक्रारी वेगवेगळ्या जिल्ह्यांतून नोंदल्या गेल्या आहेत. उचल घेतलेला माणूस पळून गेला तर नुकसान मुकादमाचे होते. इथे पळणारीचेच होई. म्हणून या पद्धतीला दंडुकेवाला फारसा लागलाच नाही. जितके दिवस जास्त भरले, तितके पाय जड होत गेले.

गावात भरतीला येणारा दलाल बहुधा ओळखीचाच असे, आणि आणलेल्या प्रत्येक मुलीमागे त्याला कमिशन मिळे. तो आईबापांना सांगे ते खोटे होते असे नाही, अर्धे होते. वसतिगृह आहे, तिन्ही त्रिकाळ जेवण आहे, मुली मुलींतच राहतात, आवाराला भिंत आहे, गेटवर पहारेकरी आहे. वयात आलेल्या मुलीच्या बापाला भिंत आणि पहारेकरी ही काळजी वाटली नाही, सोय वाटली. त्याच भिंतीच्या आत मोबाइलला बंदी होती. घरच्यांचा फोन आला तर वॉर्डन बाईंच्या समोर बोलायचे. भेटीला ठरावीक लोक, ठरावीक दिवशी. बाजारात जायचे तर महिन्यातून एखाद्या वेळी, घोळक्याने, सोबत राखणदार. पोंगल किंवा दिवाळीला चार दिवस घरी, तेही पाळीपाळीने. वसतिगृह गिरणीच्या आवारात असल्यामुळे रात्री एखाद्या खात्यात माणूस कमी पडला तर नुकत्याच झोपलेल्या मुलीला उठवून आणणे सोपे जाई. 'जादा काम ऐच्छिक आहे' हे वाक्य मग कागदावरच राहते.

या मुली कुठल्या, हेही सांगायला हवे. दक्षिण तामिळनाडूच्या कोरडवाहू जिल्ह्यांतल्या, भूमिहीन घरांतल्या आणि मोठ्या प्रमाणात दलित. शेतमजुरी वर्षातून काही महिने, बापाच्या डोक्यावर सावकार, शाळा आठवी-दहावीला सुटलेली. जातीचा संबंध फक्त गरिबीशी नाही. सुपरवायझर बहुधा पुरुष आणि वरच्या जातीतला. त्याच्याविरुद्ध तक्रार करायची ती त्याच्याच वरच्याकडे. गावी परतल्यावर 'गिरणीत राहून आलेली' म्हणून मुलीबद्दल कुजबूज होई ती वेगळीच. जिच्या लग्नासाठी ही तीन वर्षे घातली, तिचे लग्न या कुजबुजीमुळे अडल्याची उदाहरणे अभ्यासकांनी नोंदवली आहेत.

शरीरावर काय होते, याचे वैद्यकीय नाव बिसिनोसिस. रुईच्या धुळीने छाती आवळते, दम लागतो, खोकला धरतो. गिरण्यांच्या देशांत त्याला जुन्या काळी 'सोमवारचा ताप' म्हणत, कारण सुटीनंतर पुन्हा धुळीत शिरले की छाती जास्त आवळते. मुंबईतल्या गिरणी कामगारांना रविवारची सुटी मिळाली ती १८९० मध्ये, नारायण मेघाजी लोखंडे यांच्या मिल हँड्स असोसिएशनच्या लढ्यामुळे. त्यानंतर सव्वाशे वर्षांनी सुमंगलीच्या कित्येक मुली आठवड्याची सुटी न घेता काम करत होत्या. त्यांच्या सोमवारला वेगळे दुखणे उरण्याचेही कारण नव्हते.

मराठीत 'पाळी' या एकाच शब्दाला कामाची वेळ आणि मासिक धर्म असे दोन्ही अर्थ आहेत. तामिळनाडूच्या शिलाई कारखान्यांत हे दोन अर्थ एकमेकांवर आदळले. थॉमसन रॉयटर्स फाउंडेशनच्या पत्रकारांनी २०१९ मध्ये तिथल्या सुमारे शंभर कामगार स्त्रियांशी बोलून वृत्तांत प्रसिद्ध केला. पाळीच्या दिवसांत पोट दुखते म्हटले की सुपरवायझर गोळी हातावर ठेवी. गोळीला वेष्टन नसे, नाव नसे, मुदतीची तारीख नसे. गोळी घेतली की दुखणे थांबे आणि बाई मशीनवरच राही. पुढे काहींची पाळी अनियमित झाली, काहींना अंगावर जाण्याचा व गाठींचा त्रास सुरू झाला. त्याच वर्षी बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांवरून महाराष्ट्राच्या विधिमंडळात प्रश्न विचारले जात होते. एकीकडे गोळी, दुसरीकडे शस्त्रक्रिया. कारण मात्र दोन्हीकडे एकच : खाडा परवडत नाही.

ही पद्धत तामिळनाडूतच का रुजली? भारताच्या गिरणी उद्योगाचे जुने केंद्र मुंबई. तिथे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला गिरण्यांत बायकांची संख्या लक्षणीय होती. पुढे १९२९ चा मुंबई प्रसूती लाभ कायदा आला, रात्री काम देण्यावर बंदी आली, यंत्रे बदलली आणि मालकांना बाई महाग वाटू लागली. ती हळूहळू गिरणीबाहेर गेली आणि गिरणी कामगार म्हणजे पुरुष, असे चित्र पक्के झाले. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. त्या संपातून मुंबईचा गिरणगाव सावरला नाही. कोइमतूरच्या जुन्या गिरण्यांतही संघटना बळकट होत्या, कायम कामगार होते, बोनसाचे करार होते. १९९१ नंतर निर्यात वाढली, आणि २००५ च्या प्रारंभी जागतिक कापड व्यापारातले कोटे संपले. नव्या गिरण्या शहरापासून दूर, माळरानावर उभ्या राहिल्या. त्यांना ना संघटना हवी होती, ना कायम कामगार. मुंबईचा धडा मालकांनी नीट वाचला होता. तीन वर्षांनी आपोआप बदलणारा, भिंतीआड राहणारा आणि लग्न करून निघून जाणारा कामगार हे त्यांचे उत्तर होते.

रात्रपाळीची अडचण उरली होती. कारखाना कायद्यातील स्त्रियांना रात्री काम देण्यास मनाई करणारे कलम मद्रास उच्च न्यायालयाने डिसेंबर २००० मध्ये घटनाबाह्य ठरवले. ही मागणी काही कामगार स्त्रियांचीच होती. पुरुषांना रात्रीचे काम मिळते तर आम्हाला का नाही, हा त्यांचा सवाल रास्त होता, आणि न्यायालयाने सुरक्षिततेच्या बऱ्याच अटीही घातल्या होत्या. पण आवारातल्या वसतिगृहात शेकडो मुली ठेवणाऱ्या गिरण्यांना या समानतेचा फायदा भलत्याच अर्थाने झाला. तिन्ही पाळ्या आता मुलींवर चालवता येत होत्या.

भारतीय कायद्याकडे या सगळ्याला शब्द नव्हता असे मुळीच नाही. संविधानाचे २३ वे कलम वेठबिगार आणि सक्तीच्या मजुरीला बंदी करते. १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याने वेठमजुराची मुक्तता आणि पुनर्वसन ही जिल्हा प्रशासनाची जबाबदारी केली. १९८२ च्या आशियाई खेळांसाठी दिल्लीत बांधकामे चालू होती, तेव्हा तिथल्या मजुरांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने निवाडा दिला की किमान वेतनापेक्षा कमी पैशांत काम करून घेणे म्हणजेच सक्तीची मजुरी. न्यायमूर्ती भगवतींच्या त्या निकालात सक्ती फक्त काठीची नसते, भुकेची आणि नाइलाजाचीही असते, हे स्पष्ट मान्य केले आहे. या मापाने सुमंगलीचा निकाल एका ओळीत लागायला हवा होता. प्रत्यक्षात वेठबिगारीचा तपास करायला निघालेला अधिकारी उचलीचा कागद शोधतो. इथे उचलच नव्हती. पालकांची सही होती, मुलगी हसतमुखाने उभी होती, बाहेर फलक 'वसतिगृह' असा होता. पाहणी आटोपून गाडी परत जाई.

योजनेचे नाव परदेशी वर्तमानपत्रांत पोचले ते २०११ मध्ये. नेदरलँड्समधील सोमो आणि इंडिया कमिटी ऑफ द नेदरलँड्स या संस्थांनी त्या वर्षी अहवाल काढला, पुढच्या वर्षी लंडनच्या अँटी-स्लेव्हरी इंटरनॅशनलने, आणि २०१४ मध्ये पुन्हा डच संस्थांनी. नामांकित ब्रँडांचे धागे या गिरण्यांपर्यंत जातात, हे त्यांनी दाखवले. ब्रँडांनी पुरवठादारांना पत्रे लिहिली, गिरणी मालकांच्या संघटनांनी आचारसंहिता काढल्या, आणि 'सुमंगली' हा शब्द पत्रकांवरून झपाट्याने नाहीसा झाला. काही गिरण्यांनी एकरकमी रकमेऐवजी खरोखरच महिन्याचा पगार सुरू केला. वसतिगृहाचे कुलूप मात्र बहुतेक ठिकाणी तसेच राहिले. २०१६ मध्ये इंडिया कमिटीने ७४३ गिरण्यांची पाहणी प्रसिद्ध केली. त्यांतल्या ९१ टक्के गिरण्यांत आधुनिक गुलामगिरीचे कुठले ना कुठले रूप आढळल्याचे तीत म्हटले होते.

ब्रँडांची तपासणी इतकी वर्षे काय करत होती, हा प्रश्न रास्त आहे. तपासनीस जातो तो शिलाई कारखान्यात, कारण ब्रँडचा करार त्याच्याशी असतो. कारखाना कापड घेतो दुसऱ्याकडून, कापडवाला सूत घेतो व्यापाऱ्याकडून, आणि व्यापाऱ्याच्या गोदामात चार गिरण्यांचे सूत एकत्र पडलेले असते. चौथ्या घरात काय चालते ते पहिल्या घरात बसून दिसत नाही. शिवाय तपासणीची तारीख आधी कळते. त्या दिवशी लहान दिसणाऱ्या मुलींना सुटी असते, बाकीच्यांना उत्तरे पाठ करून दिलेली असतात, नवे मास्क वाटलेले असतात. तपासणीचे पैसे बरेचदा ज्याची तपासणी व्हायची तोच देतो, ही त्यातली सगळ्यात गमतीची बाब.

बदल आला तो वेगळ्या दिशेने आणि फार मोठी किंमत मोजून. जानेवारी २०२१ मध्ये दिंडीगुल जिल्ह्यातल्या नाची ॲपरल या निर्यात कारखान्यात काम करणाऱ्या वीस वर्षांच्या दलित तरुणीचा खून झाला. तिच्या सुपरवायझरला अटक झाली. तो तिला बराच काळ त्रास देत होता, असे घरच्यांचे आणि सहकारी स्त्रियांचे म्हणणे होते. ती तमिळनाडू टेक्स्टाइल अँड कॉमन लेबर युनियनची सभासद होती. ही संघटना स्त्रियांनी चालवलेली आहे आणि तिच्यात दलित स्त्रिया बहुसंख्य आहेत. एशिया फ्लोअर वेज अलायन्स आणि अमेरिकेतल्या ग्लोबल लेबर जस्टिस या संघटनांना सोबत घेऊन युनियनने वर्षभर चिकाटीने वाटाघाटी केल्या. एप्रिल २०२२ मध्ये कारखान्याची मालक कंपनी ईस्टमन एक्स्पोर्ट्सशी करार झाला. एच अँड एम, गॅप आणि पीव्हीएच या खरेदीदारांनीही त्याला बांधील राहण्याचे मान्य केले. हाच दिंडीगुल करार. त्याच वर्षी जुलैमध्ये अमेरिकेच्या सीमाशुल्क खात्याने सक्तीच्या मजुरीच्या संशयावरून या कारखान्याचा माल बंदरात रोखण्याचा आदेश काढला. कराराखाली झालेले बदल पाहून सप्टेंबरमध्ये तो मागे घेतला गेला.

कराराचे वेगळेपण त्याच्या बांधणीत आहे. आचारसंहिता मालक स्वतः लिहितो आणि स्वतः पाळतो किंवा पाळत नाही. इथे संघटना करारातील पक्ष आहे आणि अटी मोडल्या तर खरेदीदाराला व्यापार थांबवण्यापर्यंत पावले उचलावी लागतात. संघटनेने निवडलेल्या आणि शिकवून तयार केलेल्या कामगार स्त्रिया प्रत्येक ओळीत लक्ष ठेवतात. शिवीगाळ, अंगचटीला येणे, शौचालयाला जाऊ न देणे, जातीवरून बोलणे या गोष्टी त्या तिथल्या तिथे नोंदवतात. तक्रार ऐकणारा सुपरवायझरच्या साखळीतला नसतो. करारात शिलाई कारखान्याबरोबर त्याच कंपनीची सूतगिरणीही धरली आहे, हे विशेष. दोन्ही मिळून पाच हजारांहून अधिक कामगार, बहुतेक स्त्रिया.

बाकीच्या गिरण्यांतले चित्र या दहा-बारा वर्षांत बदलले, पण निराळ्या कारणाने. तमिळ मुली कमी येऊ लागल्या. शाळेत जास्त वर्षे राहू लागल्या, गावात बदनामी झालेल्या योजनेला पालक बिचकू लागले, जवळपास दुसरी कामे मिळू लागली. मग दलाल ओडिशा, झारखंड, बिहार, आसामकडे वळले. तिथल्या मुली कधी दलालामार्फत, कधी सरकारी कौशल्य प्रशिक्षणाच्या योजनांतून रेल्वेने दोन दिवसांचा प्रवास करून येतात. त्यांना कुणी लग्नाच्या रकमेचे आमिष दाखवत नाही. पगार महिन्याला बँकेत जमा होतो. मात्र भाषा परकी, गाव दीड-दोन हजार किलोमीटर दूर आणि वसतिगृह आवारातच. एखादीला वाटले की जावे, तर बसचा नंबर कुणाला विचारायचा इथूनच सुरुवात. संघटनेच्या कार्यकर्त्या आता उडिया आणि हिंदी बोलणाऱ्या मैत्रिणी शोधतात. रविवारी सुटी असलीच तर गिरणीबाहेरच्या किराणा दुकानापाशी थांबतात. घोळक्याने साबण आणि रिचार्ज घ्यायला आलेल्या मुलींशी तिथे दहा-पंधरा मिनिटे बोलता येते. तेवढ्यात राखणदार हाक मारतो.